सैल गुडघे, जागे कान

बेली डान्सच्या वर्गात पहिल्या शनिवारी टीचरनी आम्हां आठ जणींना चपला दाराबाहेर काढायला सांगितल्या, आरशासमोर दोन ओळींत उभे केले आणि पुढचा जवळजवळ पाऊण तास केवळ उभे कसे राहायचे ते शिकवले. पावले एकमेकांना समांतर, गुडघे किंचित सैल, माकडहाड सरळ जमिनीकडे सोडलेले, छाती उचललेली पण बरगड्या पुढे न काढलेल्या, खांदे मागे आणि खाली. माझे वय ४६ आहे. गेली २२ वर्षे मी फोंडा तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते आणि दिवसाचे चार-पाच तास फळ्याजवळ उभी असते. तरीही आपण गुडघे मागे ताणून, कंबरेत बाक देऊन आणि सगळे वजन टाचांवर टाकून उभ्या राहतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. टीचर मागे येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "गुडघे सोडा, वहिनी." मी ते सोडले, आणि पाठीच्या खालच्या भागात कित्येक वर्षे आवळून धरलेले काहीतरी सावकाश उतरले. नृत्याचा एकही हावभाव न करता मी त्या संध्याकाळी घरी परतले आणि पुढच्या शनिवारची वाट पाहू लागले.

हा वर्ग पणजीत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर भरतो. फोंड्याहून कदंबाची बस धरायची, बाणस्तारीचा पूल ओलांडायचा, जुने गोवे मागे टाकायचे आणि पणजीत उतरून दहा मिनिटे चालायचे, असा माझा शनिवार गेल्या चौदा महिन्यांत ठरून गेला आहे. आमच्यापैकी एक परिचारिका आहे, दोघी बँकेत आहेत, एक महाविद्यालयात शिकते आणि एकीला दोन नातवंडे आहेत. लहानपणी तीन वर्षे भरतनाट्यम शिकलेली एक सोडली, तर बाकी आम्ही सगळ्या कोऱ्या पाटीच्या.

मी तेथे का गेले, हे सांगायला मला चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरतीपासून सुरुवात करावी लागेल. माझे वडील घुमट हे मातीचे तालवाद्य वाजवीत. चवथीच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत एका घरातून दुसऱ्या घरात आरत्या होत. घुमट, शामेळ आणि कांसाळे यांचा आवाज वाढत जाई, आणि आम्ही मुली पुरुषांच्या मागे, भिंतीला टेकून म्हणत असू. दोन वर्षांपूर्वी माहेरी अशाच आरतीत उभी असताना ताल दुप्पट झाला आणि माझ्या लक्षात आले, की माझी कंबर त्या आघाताबरोबर हलू पाहते आहे आणि मी ती थांबवते आहे. टाळ्यांनी ताल धरणे रीतीत बसत होते, पावलाने धरणेही चालले असते, परंतु कंबरेला परवानगी नव्हती. ती कोणी नाकारली होती असेही नाही. मला कोणी कधी रागावलेले आठवत नाही. ते थांबवणे माझे मीच इतक्या लवकर शिकले होते, की चाळीस वर्षे ते मला दिसलेसुद्धा नव्हते. त्या रात्रीनंतर या नृत्याचा वर्ग पणजीत चालतो असे एका सहकारी शिक्षिकेच्या मुलीकडून कळले, तेव्हा मी फार विचार न करता नाव नोंदवले.

दुसऱ्या आठवड्यात पहिली हालचाल आली. तिला इंग्रजीत हिप ड्रॉप म्हणतात आणि वर्गात आम्हीही तेच म्हणतो. एक पाऊल जमिनीवर पूर्ण टेकलेले, दुसरे किंचित पुढे, चवड्यावर. पुढच्या पायाचा गुडघा सरळ होऊ लागला की त्या बाजूचा नितंब वर उचलला जातो, गुडघा सोडला की तो खाली पडतो. हे पडणे आघातावर, नेमके तेथेच, व्हायला हवे. आणि ते होत असताना खांदे, छाती आणि डोके जागचे हलता कामा नयेत. शरीराचा एकच भाग हलवून बाकीचे शांत ठेवणे हा या नृत्याचा पाया आहे. पुढे त्यावर थर चढतात, म्हणजे कंबर एक गोष्ट करीत असताना छाती दुसरी करते आणि हात तिसरी, पण तो पुढचा भाग झाला. पहिले सहा महिने केवळ वेगळे करण्यात जातात.

हे शिकताना मला एका शब्दाची उणीव जाणवली. रोजच्या मराठीत आपण कंबर म्हणतो आणि त्यातच सगळे आटोपतो. नितंब हा पुस्तकी शब्द आहे, तो तोंडी येत नाही. मग आठवला तो खुबा. घरात तो शब्द तीन वर्षांपूर्वी शिरला होता, सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा. त्या काळात दिवसातून दहा वेळा तो उच्चारला जाई, नंतर पुन्हा नाहीसा झाला. शरीराच्या एवढ्या मोठ्या सांध्याचे नाव आपल्या ओठांवर केवळ हाड मोडल्यावरच यावे याचे मला वाईट वाटले. आता मी घरी सराव करताना मुद्दाम मनात म्हणते, उजवा खुबा वर, उजवा खुबा खाली, डावा खुबा मागून गोल. नाव घेतले की त्या जागेशी ओळख होते, असा माझा अनुभव आहे, आणि मुलांना अक्षरे शिकवताना तो मी रोज पाहते.

आणि मग ताल. या नृत्याचे मुख्य तालवाद्य म्हणजे पेल्याच्या आकाराचा एक ढोल. त्याला अनेक देशांत दरबुका म्हणतात, पण इजिप्तमध्ये त्याचे नाव तबला असेच आहे. टीचरनी तो पहिल्यांदा आणला त्या दिवशी मी तो हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. आजकाल तो धातूचा आणि त्यावर ताणलेले पान कृत्रिम असते, परंतु त्याचे जुने रूप भाजलेल्या मातीचे आणि त्यावर माशाचे कातडे ताणलेले असे. एक तोंड कातड्याने बंद, दुसरे उघडे. घुमट याहून वेगळे काय असते? मातीचेच मडके, मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे आणि आता कायद्यामुळे बकऱ्याचे चामडे, आणि लहान तोंड मोकळे. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले, तेव्हा वडील हयात नव्हते. त्यांना हा दुसरा भाऊ दाखवता आला असता तर फार बरे झाले असते.

या तबल्याचे बोल दोन: पानाच्या मध्यावर मारला की डुम, कडेला मारला की टेक. आम्ही प्रथम शिकलो तो ताल मक्सूम, आठ लहान मात्रांचा, ज्यात ऽ म्हणजे रिकामी मात्रा: डुम टेक ऽ टेक डुम ऽ टेक ऽ. दुसरा बलदी: डुम डुम ऽ टेक डुम ऽ टेक ऽ. कागदावर पाहिले तर दोहोंत फरक फक्त दुसऱ्या मात्रेचा आहे. टेकच्या जागी डुम आला. परंतु नाचताना ताल बदलल्याचे खुब्यांना आधी कळते आणि डोक्याला मागाहून. बलदीचे ते दोन लागोपाठचे जड आघात शरीराला खाली, जमिनीकडे ओढतात, तर मक्सूम पावलांना पुढे जायला लावतो. वरच्या, म्हणजे दक्षिण, इजिप्तचा सईदी हा आणखी एक भाऊ: डुम टेक ऽ डुम डुम ऽ टेक ऽ. त्यात दोन डुम मधोमध येतात आणि काठी घेऊन नाचतात तो हाच. आमच्यापैकी पुष्कळजणींना हे वेगळे ओळखायला बरेच आठवडे लागले. मला मात्र ते पहिल्याच दिवशी ऐकू आले. भजनाचा केरवा आणि आरतीचे घुमट ऐकत वाढलेल्या कानाला आठ मात्रांत जड आघात कोठे पडतो ते सांगावे लागत नाही. शरीराला काही येत नव्हते, कानाला सगळे येत होते. आणि गेले वर्षभर मी जे करते आहे ते एवढेच, की कानाला आधीपासून ठाऊक असलेले शरीरापर्यंत पोहोचू देणे.

म्हणूनच टीचरनी पहिले तीन महिने कोणालाही नाण्यांची ओढणी कंबरेला बांधू दिली नाही. ती बाजारात सहज मिळते, ती बांधली की आपण नाचतो आहोत असे लगेच वाटते, आणि नेमके तेच त्यांना नको होते. नाणी सतत किणकिणत असली की चुकलेला आघात त्या आवाजात लपतो. साधी सुती ओढणी खुब्यांवर घट्ट बांधा, म्हणजे हालचाल दिसेल आणि ताल ऐकू येईल, असे त्या सांगत. मला शिक्षिका म्हणून ही शिस्त फार आवडली.

बेली डान्स, म्हणजे पोटाचा नाच, हे नाव या नृत्याने स्वतःला घेतलेले नाही. अरबीत त्याला रक्स शर्की, म्हणजे पूर्वेचे नृत्य, म्हणतात. आणि त्याचे घरगुती, लग्नकार्यात बायका-मुली नाचतात ते रूप म्हणजे रक्स बलदी, ज्यात बलद म्हणजे देश किंवा गाव. आपल्या गावचे, आपल्या मातीचे, असा त्या शब्दाचा सूर आहे. पोटावरून नाव ठेवले ते एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी, आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात कैरोचा रस्ता उभारून तेथे हे नृत्य दाखवले गेले तेव्हापासून त्याचे इंग्रजी रूप सर्वत्र रुजले. पाहणाऱ्याची नजर जेथे अडकली ते नाव झाले. प्रत्यक्ष काम करतात ते गुडघे, खुबे, पाठीचे आणि बरगड्यांखालचे आडवे-तिरपे स्नायू. पोट बहुतेक वेळा त्यांच्या मागून येते.

त्याआधीच्या इजिप्तमध्ये आलिमा नावाच्या स्त्रिया असत, ज्या सधन घरांतील स्त्रियांच्या दालनांत गात, कविता म्हणत आणि नाचत. आलिमा म्हणजे जाणती, विदुषी. इल्म हा शब्द त्याच मुळाचा आणि आपण मराठीत सरावासाठी वापरतो तो तालीम शब्दही त्याच मुळाचा. हे कळले त्या दिवसापासून मी घरी निघताना तालमीला जाते असेच सांगते. उघड्या चौकात नाचणाऱ्या गवाझी वेगळ्या, परंतु परदेशी प्रवाशांनी दोघींना एकाच तागडीत तोलले. १८३४ मध्ये मुहम्मद अली पाशाच्या राजवटीने अशा नर्तकींना कैरोबाहेर काढून दक्षिणेकडील गावांत धाडले. विसाव्या शतकात त्या शहरात या नृत्याला रंगमंच मिळाला तो बदिया मसाबनी या स्त्रीमुळे, जिने १९२६ मध्ये कैरोत स्वतःचे नाट्यगृहासारखे मनोरंजनगृह काढले. तहिया कारिओका आणि समिया गमाल या दोघी नर्तकी तेथूनच पुढे आल्या. १९५९ मध्ये महमूद रेदा यांनी आपला नृत्यसंघ स्थापन करून गावोगावची नृत्ये प्रतिष्ठित रंगमंचावर आणली. तहियाच्या जुन्या कृष्णधवल चित्रफिती मी पुन्हा पुन्हा पाहते. ती फार थोड्या जागेत नाचते. कित्येकदा पावले जवळजवळ हलत नाहीत; एक खुबा आठाचा आकडा काढत असतो आणि चेहरा विचारात असल्यासारखा शांत असतो. इतके थोडे करून इतके सांगता येते हे मी दुसऱ्या कोणत्याही नृत्यात पाहिलेले नाही.

फोंड्याच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला नर्तकींना गावाबाहेर काढण्याची ही कथा परकी वाटायचे कारण नाही. येथील देवळांच्या आश्रयाने कलावंत स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या गाणे आणि नाच दोन्ही सांभाळले, आणि समाजाने त्यांच्या कलेचा आनंद घेत त्यांची अवहेलना केली. आमच्या जवळच्याच केरी गावात १८९२ मध्ये जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून पृथ्वीबाहेर गेला. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. हे सगळे आम्ही शाळेत मुलांना अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवे. परंतु त्या परंपरेतले गाणे आम्ही डोक्यावर घेतले आणि तिच्यातल्या नाचाबद्दल आजही आवाज खाली करून बोलतो, हे मला पूर्वी खटकले नव्हते, ते आता खटकते. शिक्षिकेला असला नाच शोभतो का, असे मला एकीने तोंडावर विचारले. तिच्यावर मी रागावले नाही, कारण दोन वर्षांपूर्वी तोच प्रश्न माझ्या आत होता. मी तिला म्हटले, की एकदा येऊन बस आणि आम्ही काय करतो ते पाहा. ती अजून आलेली नाही. माझे निमंत्रण कायम आहे.

सर्वांत कठीण गेली ती शिमी. पाहणाऱ्याला वाटते की नर्तकी कंबर थरथरवते. खरे म्हणजे गुडघे आळीपाळीने सैल आणि सरळ होत असतात, आणि वरचे सगळे त्यांच्या मागे आपोआप हलते. मी दोन महिने खुबे हलवण्याचा प्रयत्न केला, मांड्या दगडासारख्या झाल्या, श्वास अडकला, आणि आठ मोजायच्या आत सगळे थांबे. हलवू नका, हलू द्या, असे टीचर सांगत. एखादी गोष्ट करण्यापेक्षा होऊ देणे अवघड असते, विशेषतः घर आणि शाळा दोन्ही धरून ठेवण्याची सवय लागलेल्या बाईला. शेवटी ती मला वर्गात जमली नाही, स्वयंपाकघरात जमली. कुकरच्या तिसऱ्या शिटीची वाट पाहत ओट्यापाशी उभी होते, मन दुसरीकडे होते, गुडघे हलके चालू होते, आणि एकाएकी सगळे सुटले आणि साडीच्या निऱ्या थरथरू लागल्या. मी हात ओट्यावर टेकून तशीच उभी राहिले. शिटी झाली तरी थांबले नाही. डावीकडे मात्र ती अजून उजवीइतकी मोकळी नाही, आणि खुब्यांचा उभा आठ काढताना डावी टाच माझ्या नकळत उचलली जाते.

सासूबाई आता ७९ वर्षांच्या आहेत. त्या मूळच्या सत्तरी तालुक्यातल्या, वाळपईच्या पलीकडच्या गावच्या. मी संध्याकाळी सराव करते ती त्यांच्या खोलीबाहेरच्या सोप्यावर, कारण घरात मोकळी जागा तेवढीच आहे. सुरुवातीला मी दार लोटून घेत असे. एके दिवशी त्यांनीच आतून हाक मारली, "दार उघडे ठेव गो, मला पाहू दे." मग त्या खुर्ची ओढून उंबऱ्याजवळ बसू लागल्या. पहिले काही दिवस त्या काहीच बोलल्या नाहीत. नंतर एकदा त्यांनी धालो या बायकांच्या लोकनृत्याचा विषय काढला. पौषातल्या रात्री जेवणे आटोपून बायका मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या मोकळ्या जागेत, जमत, समोरासमोर दोन ओळी करीत, हात एकमेकींत गुंफून पुढे जात, वाकत, मागे येत. पुरुषांनी तिकडे फिरकायचे नसे. त्यांच्या मांडावर वाद्य नव्हते. गीत हाच ताल. लग्नानंतर सासरी तो मांड सुटला आणि त्याबद्दल त्यांनी मला इतक्या वर्षांत एक अक्षरही सांगितले नव्हते. मोडलेल्या खुब्यामुळे त्या आता वाकू शकत नाहीत. पण बोलता बोलता त्यांनी खुर्चीत बसूनच खांदे पुढे-मागे नेऊन ती चाल मला दाखवली, आणि मी तबल्याचा आवाज बंद करून ती पाहिली.

त्यानंतर त्यांनी मला विचारले, "तुमच्या मांडावर गीत कोण म्हणते?"

मला उत्तर देता आले नाही. आम्ही ज्यावर नाचत होतो त्यांतल्या बऱ्याच चालींना शब्द आहेत, इजिप्तच्या गायिका ऊम कुलसुम यांची दीर्घ गाणी आहेत, सुहैर झकीसारख्या नर्तकी त्यांवर नाचल्या आहेत, आणि मी त्यांतले एकही पद न समजता नुसते आघात मोजत होते. पुढच्या शनिवारी मी टीचरना तेच विचारले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, की हे मीच आधी सांगायला हवे होते. तेव्हापासून वर्गाची शेवटची पंधरा मिनिटे आम्ही जमिनीवर बसून शब्दांचे अर्थ लिहून घेतो. कल्ब म्हणजे हृदय, हबीबी म्हणजे माझ्या प्रिया. आणि गायक ताल सुरू होण्यापूर्वी लांब आलाप घेतात त्यात वारंवार येणारे ते शब्द, या लैल, या ऐन: हे रात्री, हे डोळ्या. तो आलाप चालू असताना नर्तकी आघाताची वाट पाहत नाही, कारण आघात नसतोच. ती आवाजाच्या वळणाबरोबर हात आणि छाती सावकाश फिरवते.

त्या रात्री घरी येऊन मी सासूबाईंना तो आलाप ऐकवला आणि शब्दांचा अर्थ सांगितला. त्यांनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला.

"म्हणजे त्यांचेही रात्रीचेच," त्या म्हणाल्या, आणि मला तो पुन्हा लावायला सांगितला.